घर पाजायचे दिवस

आमच्या घरी उन्हाळ्यात पाणी पिण्याची एक ठरलेली रीत होती. सकाळचं पहिलं पाणी तुळशीला, दुसरं घराला आणि त्यानंतर माणसांना चहा. घराला म्हणजे घरातल्या कोणाला नव्हे, खुद्द घराला. आंघोळीचं, डाळ-तांदूळ धुतल्याचं, भांड्यांचं पाणी आई परसातल्या दगडी डोणीत साठवून ठेवायची, कमी पडलं तर विहिरीचं ओढायची, आणि पदर खोचून भिंतीच्या कडेकडेनं ओतत घराला एक प्रदक्षिणा घालायची. चारी कोपऱ्यांच्या दगडांना हळदकुंकू लावायची. गुढीपाडव्याला हे सुरू व्हायचं आणि मृगाचा पाऊस लागला की थांबायचं. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "काय करून राहिली वं?" आणि आई सांगायची, "घर पाजून राहिली." गोठ्यातली गाय पाजून येते म्हणावं, इतक्या सहज.

अकोल्याची काळी माती ज्यानं वैशाखात पाहिली नाही त्याला यातली गंमत कळायची नाही. पावसाळ्यात ती पायातली चप्पल ओढून घेते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की आमच्या विट्या, चेंडू, एकदा तर आत्याची अडकित्त्याची पिशवी त्या भेगांनी गिळली होती. आई पाणी ओतायची तेव्हा त्या भेगांतून घटघट असा आवाज यायचा. ढोर हौदाला तोंड लावतं तसा. मी अंथरुणातून तो आवाज ऐकायची आणि मग पुन्हा डोळे मिटायची, कारण आवाज थांबल्यावरच चूल पेटायची. आमच्या विहिरीचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. त्यामुळे घराच्या वाट्याला ते गेलं तरी कोणी कुरकुर करत नसे. पिण्याचं पाणी नळाचं, आणि तो नळ मात्र मोठ्या घरच्या जावयासारखा, येईल तेव्हा खरा.

ही रीत आई माहेरून घेऊन आली होती. तिचं माहेर अमरावतीचं, आणि तिचे पणजोबा म्हणजे तात्याजी. तात्याजींचं नाव आज कोणाला माहीत नाही, पण शंभर वर्षांपूर्वी वऱ्हाडात दगडाचं काही बांधायचं झालं की माणसं त्यांच्याकडे जात. चांदूर बाजारच्या बाजूचं एक शेतकऱ्याचं पोर, रेल्वेची आखणी करायला आलेल्या गोऱ्या साहेबाच्या हाताखाली मोजणीची साखळी धरायला लागलं. साहेबानं त्याला नकाशा वाचायला शिकवला, यानं साहेबाला ज्वारीची भाकर खायला शिकवली. पुढे पोरगा ओव्हरसियर झाला आणि त्यानंतर नोकरी सोडून स्वतःच्या हिंमतीवर बांधू लागला. कापसाच्या बाजाराचं प्रवेशद्वार, एक नाटकघर, धर्मशाळा, सरकी काढायचे कारखाने चालवणाऱ्या जिनवाल्यांचे बंगले आणि आमची कन्याशाळा. पश्चिमेच्या भिंतीला लहान खिडक्या, छताजवळ गरम हवा जायला झरोके, तिन्ही बाजूंनी ओसरी. चुन्यात गूळ, हिरडा आणि बेलफळ. त्यांच्या इमारतीत भर उन्हाळ्यात शिरलं की माणूस आपोआप हळू बोलू लागतो, असं माझे बाबा म्हणत.

बाबा त्याच कन्याशाळेत ड्रॉइंग शिकवत आणि उरलेला जन्म तात्याजींचं चरित्र लिहीत. मामा नेहमी चिडवायचा की भाऊजी आमच्या ताईला पाहायला आलेच नव्हते. ते आले, तात्याजींनी बांधलेल्या आमच्या घराच्या भिंतींची जाडी हातानं मोजली, कोनाड्यात डोकं घालून पाहिलं आणि म्हणाले, पसंत आहे. बाबांनी हे कधी नाकारलं नाही. सुट्टी लागली की ते मला घेऊन एसटीनं मोर्शी, चांदूर बाजार, कुठे कुठे जात, आणि कुठल्याशा धर्मशाळेच्या कमानीखाली बसून चित्र काढत. मी संत्री सोलत बसायची. परतल्यावर आई विचारायची, भेटले का आमचे तात्याजी, आणि बाबा खरंच भेट झाल्यासारखा वृत्तान्त सांगायचे. समोर ताटात आंबाडीची भाजी, भाकर, तेलात परतलेला ठेचा. मला आजही दगडी कमान दिसली की आंबाडी आठवते, याला माझा इलाज नाही.

घर पाजण्याचं बाबांनी आपल्या परीनं स्पष्टीकरण केलं होतं. चरित्रात त्यांनी 'तात्याजींची भूमिभक्ती' असं एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. जमिनीच्या उरावर आपण एवढे दगड रचतो, तिची क्षमा मागण्यासाठी या पुण्यपुरुषानं आपल्या सुनांना हे व्रत घालून दिलं, असं काहीसं. भाषा फारच सुंदर होती. आईला ते वाचून दाखवलं तेव्हा ती ऐकून घेऊन म्हणाली होती की तात्याजी देवळात गेल्याचं आमच्या घरात कोणी सांगत नाही, ते देवळाच्या पायऱ्यांचा दगड पाहून परत यायचे. बाबांनी ते वाक्य पुढच्या प्रकरणात विनोद म्हणून घातलं. त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट होती. तात्याजी नव्या जागी गेले की मूठभर माती भिजवून तिचा लाडू वळत, तो उन्हात ठेवत आणि तो वाळेपर्यंत पाया खणायचं नाव काढू देत नसत. साहेब लोक हसत. बाबाही हसले होते. थोर माणसांना एखादा विक्षिप्तपणा शोभतो, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी दहावी पास होऊन अकरावीत जायची होते तो उन्हाळा. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे. आमच्या शाळेचे वरचे दोन वर्ग तात्याजींच्या मोठ्या हॉलमध्ये भरत, मध्ये एक पडदा लावून. त्या हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला फाल्गुनात भेग पडली. आधी केसाएवढी, मग पेन्सिल मावेल एवढी. शाळेच्या कमिटीनं बाहेरगावचे एक इंजिनियर बोलावले. त्यांनी भेगेवर आडवी कागदाची पट्टी चिकटवली आणि सांगितलं, पट्टी फाटली तर भिंत सरकते आहे असं समजा. पट्टी चैत्र संपायच्या आत फाटली. त्यांनी येऊन नवी लावली आणि शेवटचं सांगून गेले, मृगाच्या आधी पुन्हा पाहीन. हीदेखील फाटली असेल तर पावसाळ्यात हॉल उभा ठेवता येणार नाही, पाडावा लागेल.

हॉल पाडला तर वरचे वर्ग बंद. शाळेच्या मोठ्या बाई पुण्याच्या होत्या, रडणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण त्यांनीसुद्धा आम्हाला सांगितलं की मुलींनो, दुसरी जागा नाही. मुलांचं हायस्कूल रेल्वेफाटकापलीकडे होतं आणि तिथे मला पाठवायचा विषय आमच्या घरात निघणं शक्य नव्हतं, कारण घरात आत्या होती. बाबांची ही थोरली बहीण. आई तेव्हा घरी नव्हती. मामीला माहेर नव्हतं, म्हणून तिच्या बाळंतपणासाठी आई अमरावतीला गेली होती आणि आमची व्यवस्था पाहायला आत्या आली होती. येताना नांदगाव पेठच्या एका मुलाचं स्थळही घेऊन आली होती. मुलगा चांगला होता, वावर होतं, बैलजोडी होती. मला त्याच्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. मला फक्त मॅट्रिक व्हायचं होतं. बाबा एरवी शूर, पण या थोरल्या बहिणीपुढे मांजर. ते म्हणाले, शाळा असली तर शिकेल, नसली तर पाहू. आमच्या घरातल्या 'पाहू'चा अर्थ मला पाळण्यापासून ठाऊक होता.

आत्याचा कारभार चोख होता. कुरड्या, ज्वारीच्या बिबड्या, काडीवर वळलेले कणकेचे सरगुंडे, सगळं वेळच्या वेळी वाळत पडलं. रसासोबत सरगुंडे खाताना मी स्थळ विसरून जायची, इतके ते छान व्हायचे. फक्त भिंतीच्या कडेला पाणी ओतणं हा तिला शुद्ध बावळटपणा वाटे. तिनं परसात वांगी लावली आणि डोणीतलं सगळं पाणी वांग्यांना दिलं. वांगी अशी धरली की शेजारीपाजारी वाटून संपेनात.

आणि वैशाखात आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची कडी लागेनाशी झाली. कडी जिथे अडकायची ते भोक बोटभर खाली गेलं होतं, की कडी वर आली होती, कळेना. मग चुलीमागे भेग दिसली. मग माझ्या खोलीची खिडकी उघडेना. आत्या म्हणाली, घरधनीण घरी नसली की घर रुसतं. बाबांनी सुतार बोलावला. त्यानं दार तासून दिलं, पण कडी काही लागली नाही.

आई आली ती दुपारच्या मोटारीनं. मामीला मुलगी झाली होती, पेढ्यांऐवजी आई संत्र्याची बर्फी घेऊन आली होती. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली, घराकडे एकदा पाहिलं आणि पाय धुवायच्या आधी विचारलं.

"घर कोनं पाजलं?"

आत्यानं वांग्यांकडे पाहिलं. आई रागावली नाही, तिला राग येतच नसे; तिनं बादली उचलली. त्या संध्याकाळी मातीनं इतकं पाणी गिळलं की मी आणि बाबा दोघंही विहिरीवर ओढायला उभे होतो. रोज सकाळ-संध्याकाळ असंच. आठवडा उलटला असेल, मी दुधाचं पातेलं झाकून सवयीनं दार ओढलं आणि कडी खट्टदिशी आपल्या जागी पडली.

तो खट्ट आवाज मी जन्मात विसरणार नाही. मी तिथेच उभी राहिले. कडी काढली, पुन्हा लावली. पुन्हा काढली. आत्या ओरडली की पोरीला काय झालं. मला झालं होतं असं, की मला शाळेचा हॉल दिसत होता. त्या हॉलच्या पश्चिमेला, भिंतीला लागून, फुलांचे वाफे होते. गुलबास, मोगरा, कण्हेर. माळी त्यांना रोज पाणी द्यायचा, आणि आम्ही मधल्या सुट्टीत त्याच्या पाटात पाय भिजवायचो. आदल्या वर्षी माळी म्हातारपणामुळे गावी गेला आणि कमिटीच्या अध्यक्षांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ त्या जागी शहाबादी फरशी घालून दिली. सगळ्यांना ती फार आवडली होती. मोठ्या बाईंनी तर आभाराचं भाषण केलं होतं.

मी बाबांना जाऊन सांगितलं. ते चरित्राच्या पानांवर वाकले होते. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं, मग चष्मा काढून पुसला. मग अगदी हळू म्हणाले, "लाडू." आणि उठून परसात गेले.

त्यांनी काळ्या मातीचा चिखल केला आणि आईची पितळी वाटी काठोकाठ भरून उन्हात ठेवली. दोन दिवस वैशाखाचं ऊन खाल्ल्यावर वाटीतली माती आक्रसून मधल्यामध्ये गोळा झाली आणि वाटी व माती यांच्यामध्ये माझं बोट जाईल एवढी फट पडली. बाबांनी त्यात थेंबथेंब पाणी सोडलं. रात्र गेली, सकाळी माती फुगून पुन्हा वाटीच्या कडेला टेकली होती. म्हणजे तात्याजी देवभोळे नव्हते आणि विक्षिप्तही नव्हते. लाडू किती आक्रसतो ते पाहून ते माती जोखत होते. जिथे मुरूम हाताला लागत होता तिथे पाया मुरुमापर्यंत नेत होते. जिथे माती पाताळापर्यंत काळीच होती, तिथे भिंतीला लागून वाफे करत होते आणि माणसांना सांगून जात होते की उन्हाळ्यात हिला कोरडी पडू देऊ नका. साहेबांनी ते ऐकलं नसेल. घरातल्या बायकांनी ऐकलं, आणि विसरलं जाऊ नये म्हणून त्याला हळदकुंकू लावलं. बाबा वाटी हातात धरून आईपुढे उभे राहिले. भूमिभक्तीचं प्रकरण गेलं म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद त्यापूर्वी पाहिला नव्हता. एवढी वर्षं ज्या माणसाच्या मागे ते गावोगाव हिंडले, तो त्यांना परसात भेटला होता.

खरी अडचण पुढेच होती. फरशी अध्यक्षांच्या आईच्या नावाची. ती उखडा म्हणून सांगायचं कोणी? मोठ्या बाईंनी वाटी पाहिली, नीट विचार केला आणि म्हणाल्या की मला पटतं आहे, पण हे मी बोलले तर उपकाराची फेड अपकारानं केली असं होईल. बाबा म्हणाले, मग पाहू. तेव्हा आई म्हणाली, मी येते.

अध्यक्ष सरकी-कापसाचे मोठे व्यापारी, पण मुळात शेतकरी. ते अंगात नुसती बंडी घालून ओट्यावर बसले होते. आई डोक्यावर पदर घेऊन खांबाआड उभी राहिली, मी तिच्यामागे. बाबांनी पुन्हा उन्हात वाळवलेली वाटी पुढे ठेवली आणि भाषणाला सुरुवात केली. त्यात रेल्वे आली, गोरे साहेब आले. अध्यक्षांनी मात्र ते ऐकलंच नाही. त्यांनी वाटी उचलली, फटीत करंगळी घातली, फिरवली आणि वाटी मांडीवर ठेवून बाबांकडे पाहिलं.

"मास्तर, हे मले काय दाखवून राहिले? माह्या वावरात उन्हाळ्यात बैलाचा पाय जाते भेगीत. जलमापासून पाहून राहिलो." मग त्यांनी वाटी पुन्हा उचलली. "शाळा बी वावरातच उभी आहे, हे मात्र मी इसरलो होतो."

फरशीचं अजून निघालंच नव्हतं. खांबाआडून आई म्हणाली, "दादाजी, तुमच्या मायच्या नावाचा दगड ओसरीत मधोमध लावू. येता-जाता पोरी पाया पडतीन. बाकीच्या जागी मोगरा लावू. फरशीपरीस तुमच्या मायले मोगरा आवडला असता."

"तिले गुलाब आवडे," अध्यक्ष म्हणाले. आणि हाक मारून त्यांनी घरातल्या गड्याला पहार घ्यायला सांगितलं.

त्या दिवसापासून आम्ही शाळा पाजू लागलो. फरश्या निघाल्या तर खाली माती अशी फाटलेली की गड्याची पहार त्यात उभी राहिली. शाळेची विहीरही खारी, पण पाणी भरपूर. मोठ्या बाईंनी निरोप पाठवला आणि वरच्या वर्गांतल्या मुली आल्या, त्यांच्या आया आल्या. एकदम ओतू नका, भिंत घाबरेल, असं आई सगळ्यांना बजावत होती. थोडं थोडं, रोज, कडेकडेनं. आत्यासुद्धा आली. ती म्हणाली की मी पोरीच्या शाळेसाठी आलेली नाही, वांगी द्यायला आले आहे; आणि मग दोन बादल्या ओतून गेली. बाबा रोज आत जाऊन पट्टीसमोर उभे राहत. पट्टी ताणलेली, तबल्याच्या वादीसारखी. मी देवाला काही मागत नव्हते. मी रोज फक्त त्या पट्टीला बोट लावून पाहत होते.

मृगाच्या तोंडावर इंजिनियर आले. हॉलचं कुलूप काढलं. ते भिंतीजवळ गेले, वाकले, चष्मा वर केला. पट्टी फाटली नव्हती. ती भिंतीवरून सुटून मधोमध फुगली होती, पोट पुढे काढून. भेगेचे दोन्ही काठ जवळ आले होते आणि मधल्या कागदाला जागाच उरली नव्हती. ते बाबांना म्हणाले की असं मी आजवर पाहिलेलं नाही. बाबांनी लगेच तात्याजींना सुरुवात केली. इंजिनियरांना संध्याकाळची गाडी सोडावी लागली. आमच्याकडे जेवले, कढी-गोळे दोनदा मागून घेतले, आणि जाताना भेग चुन्यानं भरायची कशी ते कागदावर काढून देऊन गेले.

मी आता अमरावतीत चौथ्या मजल्यावर राहते. माझी नात आर्किटेक्ट आहे. तिला ही हकीकत सांगितली तर तिनं मातीच्या या खोडीचं एक लांबलचक नाव सांगितलं आणि म्हणाली, आजी, पणजीला हे शास्त्र कुठून आलं? शास्त्र कुठलं गं, तिला फक्त कोरडं ठेवणं जमत नसे. माणूस, ढोर, भिंत, कोणालाच. बाबांचं चरित्र छापून झालं नाही. ते शेवटपर्यंत त्यात सुधारणा करत राहिले आणि सुखात गेले. माझंही सगळं बरं झालं. नांदगाव पेठचा तो मुलगा थांबायला तयार नव्हता, त्याला चांगली बायको मिळाली, आणि मला पुढे माझा मिळाला. आज त्या हॉलच्या भिंतीवर तात्याजींच्या नावाची पाटी आहे. बाहेर गुलाब आहेत.

पण मी थांबते ती शाळेच्या पहिल्या दिवशीच. त्या वर्षी मृगानं दगा दिला, पावसाचा पत्ता नव्हता, ऊन तसंच रणरणत होतं. हॉलमध्ये आम्ही मॅट्रिकच्या मुली पडद्याच्या अलीकडे बसलो होतो. भिंतीवर नव्या चुन्याची एक पांढरी रेघ होती, मी मुद्दाम तिच्याखालची जागा धरली होती. मोठ्या बाईंनी हजेरी उघडली. माझ्या नावापर्यंत यायला वेळ होता. तेवढ्यात खिडकीखाली बादली टेकल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या, आणि मग ते सुरू झालं. घटघट, घटघट. भिंतीच्या तळाशी माती पाणी पीत होती. बाईंनीही ऐकलं असावं, कारण त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी माझं नाव घेतलं आणि मी उठून उभी राहिले, खिडकीबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "हजर."